चिठ्ठी पाठवली, मी गेलो नाही

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, अकोल्याच्या डॉक्टरांपाशीही नाही — आणि त्यांना तर मी माझी स्वप्नंसुद्धा सांगितली आहेत. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. सहा वर्षं झाली. एवढंच.

मी गणिताचा मास्तर. शाळा वाशीमला, घर अनसिंगला. एकदा फळ्यासमोर उभा असताना छातीत धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या आल्या, वाटलं — संपलं. अकोल्याला नेलं, ईसीजी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, याला अँग्झायटी म्हणतात. खरं सांगू? ते नाव ऐकून मला रडूच आलं, सुटल्यासारखं. तोवर गावात म्हणायचे, मास्तर भेकड हाय. आता मी भेकड नव्हतो, आजारी होतो. आणि होतोच. त्यात खोटं काही नाही.

पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. "गोळी अर्धं काम करील. जिथं भीती वाटते तिथं थोडं थोडं जात राहायचं, ते तुमचं काम." हे मी घरी सांगितलं नाही. आजाराचं नाव मात्र सगळ्यांना सांगितलं. मग लग्नं टळली, मयती टळल्या, पालकसभा टळल्या. "त्यायले झेपत नाही," असं बायकोच परस्पर सांगू लागली. मला विचारावंही लागेना.

बसच्या गर्दीत जीव घाबरायचा, म्हणून शाळेच्या व्हॅननं जायचो. व्हॅन सलीमभाईंची. पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझ्या बाजूची काच ते आधीच खाली करून ठेवायचे. मला धडधडलं की म्हणायचे, "सर, श्वास घ्या. मी हाव ना."

त्या दिवशी वळणावर समोरून ट्रक आला. तसा लांब होता. पण माझ्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं आणि मी — मी सलीमभाईंचा हात धरला. स्टेअरिंगवरचा. घट्ट. व्हॅन रस्त्याखाली उतरली आणि बाभळीवर जाऊन कलंडली. मागं सात लेकरं होती. सहावीतल्या एका मुलीचा हात कोपरात मोडला. तो आजही पुरता सरळ होत नाही.

पुढची सीट उंच, मागून कोणाला काही दिसलं नाही. दोन दिवसांत बोभाटा झाला — ड्रायव्हर मोबाइलवर होता. शाळेनं पालकांची सभा बोलावली. आदल्या दिवशी सलीमभाई घरी आले. बसले नाहीत. दारातच म्हणाले, "सर, तुमी फक्त एवढं सांगा का मोबाइल खिशात होता. हात धरल्याचं नोका सांगू. तुमची तबियत असी, लोकं तुमाले नावं ठेवतीन."

"येतो," मी म्हणालो.

आता ती सकाळ. तुम्हाला वाटेल, मला झटका आला असेल. मीही वाट पाहत होतो त्याची — अगदी मनापासून. आला नाही. रात्री झोप छान लागली होती. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. नाडी धरून बघितली, सरळ चालली होती. मग मी चौकात गेलो, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स काढली — 'रुग्णाने मानसिक ताण टाळावा' — आणि एका सहकाऱ्याच्या हाती सभेला पाठवून दिली. घरी येऊन शेंगा फोडत टीव्ही बघत बसलो.

हात धरला तो आजारानं, असं एक वेळ म्हणता येईल. पण झेरॉक्सच्या दुकानात कोण गेलं होतं?

सभेत म्हणे सलीमभाई बराच वेळ दाराकडे बघत होते. मोबाइल खिशात होता एवढंच सांगत राहिले. माझ्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. शाळेनं त्यांना काढलं. मग दुसऱ्या कुठल्या शाळेनंही ठेवलं नाही. व्हॅन विकली. आता मार्केट यार्डात सोयाबीनची पोती वाहतात. त्या वयात.

त्यानंतर मी सुधारत गेलो. डॉक्टरांनी सांगितलेलं ते उरलेलं अर्धं काम उशिरा का होईना केलं — बसनं जाऊ लागलो, लग्नांना जाऊ लागलो. सलीमभाईंच्या घराकडे तेवढा गेलो नाही.

मागल्या महिन्यात यार्डाच्या फाटकाशी समोरासमोर आलो. खांद्यावरचं पोतं खाली ठेवून त्यांनी घाम पुसला. "काहून सर, लय दिवसानं. तबियत कसी हाय आता?"

माझ्या गोळ्या बंद होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. छाती शांत होती.

"तसीच हाय, सलीमभाई," मी म्हणालो.

"जपा सर," ते म्हणाले, आणि पोतं उचलायला वाकले.