दीपकचा ऑस्कर माझ्या फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत

मंडळी, घरी मोठे मासे पाळणाऱ्यांनी हे वाचा आणि मला खुशाल शिव्या घाला.

शेजारचा दीपक फौजेत आहे. परवा सुट्टी संपली तेव्हा त्याने आपला ऑस्कर मासा माझ्याकडे सांभाळायला दिला. म्हणाला, "आण्णा, वेगळ्या टाकीत ठेवा. तुमचा फ्लॉवरहॉर्न लय भांडखोर हाय."

मी हसलो. "आरं, माझ्या सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात चार गावची माणसं एका खोलीत नांदवली मी. दोन माशांचं काय घिऊन बसलास? टाकी सहा फुटी हाय!"

आज सकाळी चहा पिताना टाकीच्या काचेवर ठकठक ऐकू आली. माझे कान तिखट, काय चाललंय ते कळलं होतं. तरी कप संपवूनच उठलो. ऑस्करचा एक डोळा गेला होता, कल्ला फाटला होता. बादलीत वेगळा काढला, पण तासाभरात मेला.

दुपारी दीपकचा फोन. "आण्णा, हातातून खातोय का?"

"व्हय, खातोय की," मी म्हणालो.

मासा माझ्या हट्टाने गेला, पण हे खोटं जास्त टोचतंय. आता त्याला फोन करून खरं सांगणार आहे. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर सांगा, पहिलं वाक्य काय बोललात?