हितूच्या शाळेसाठी गप्प झालेलं घर

सपनाचं घर माझ्या घराच्या अगदी समोर. शिंदखेड्यात समोरासमोरच्या घरांत काही लपत नाही, आणि मी लपू देणारी बाईही नाही. गल्लीत मला मंदाअक्का म्हणतात, माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तर त्या घरात जे झालं ते मी ओट्यावर बसून पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते सपनाने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंय.

तिचा मुलगा हितेंद्र, घरात हितू. साडेतीन वर्षांचा झाला तरी हाक मारली की बघायचा नाही, पोरांत मिसळायचा नाही, मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून घरभर पळायचा. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. पोराची घडणच वेगळी आहे, त्याला थोडी मुलं आणि शांत जागा असेल अशा ठिकाणी आत्तापासूनच बसवायला लागा, असं ते म्हणाले.

हितू बोलायचा, पण तुमच्या-माझ्यासारखा नाही. आजोबांची, म्हणजे आधार नानांची, वाक्यं तो जशीच्या तशी उचलायचा. नानांचा दिवस बैलांपाशी जायचा आणि हितूचा नानांपाशी. नानांना अहिराणीशिवाय दुसरं येत नाही. रोज सकाळी ते सालदाराला विचारायचे, "बैलस्ले पानी पाजं का?" हितूला तहान लागली की तोही हेच विचारायचा, आणि सपना पेला भरून द्यायची. ओट्यावर दंगा करणाऱ्या पोरांना नाना "बठ्ठा घर जा रे", सगळे आपापल्या घरी जा, म्हणून हाकलायचे. हितूला गोंगाट सोसेना की तो भिंतीकडे तोंड करून तेच म्हणायचा. सपनाला त्याचं प्रत्येक वाक्य कळायचं. मला विचाराल तर पोराला बोलता येत होतं, ऐकणाऱ्याला थोडे कष्ट पडत होते इतकंच.

शाळा निवडायची तर दोन दारं होती. एक गावातली इंग्रजी नर्सरी, टाय-बुटांची, एका खोलीत खच्चून भरलेली पोरं. दुसरं धुळ्याचं केंद्र, हितूसारख्याच मुलांचं, पुनमताई नावाच्या बाई चालवतात ते. सपनाचा नवरा भूपेंद्र दीपनगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे, सुट्टीला घरी येतो. त्याचं म्हणणं ठाम होतं. धुळ्याला नाव घातलं की पोरावर शिक्का बसला, मग कुठलीच साधी शाळा त्याला दारात उभं करणार नाही. त्याचा रागही करवत नाही, कारण ही भीती खोटी नव्हती. नर्सरीच्या गर्दीत हितू घाबरून जाईल ही सपनाची भीतीही खोटी नव्हती. त्या दोन भीतींच्या मध्ये ती बाई दिवसभर भाकरी थापायची.

नर्सरीच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत निदान केलं. घरात अहिराणी चालते ना, म्हणूनच मुलाची जीभ वळत नाही. घरात शुद्ध मराठी बोला, जमलं तर इंग्रजी, मग प्रवेशाचं बघू. आपली बोली गोठ्यात बांधून ठेवायची आणि चारचौघांत मराठीचा इस्त्रीचा सदरा घालायचा, हे आम्हा खानदेशी माणसांना फार छान जमतं. भूपेंद्रने फोनवरून फर्मान काढलं, हितूसमोर अहिराणी बंद. ते पाळायला लावायचं काम अर्थातच सपनाकडे आलं.

सासऱ्यांना तोंडाने गप्प बसा कसं म्हणणार? म्हणून ती ओठांवर बोट ठेवायची. नाना गोठ्यातून बोलत आले की बोट. जेवताना विसरून बोलले की बोट. बिचाऱ्यांनी मराठीचा प्रयत्न केला. "हितू, इकडे ये बाळ," असं ते एकदा म्हणाले, पाहुण्याशी बोलावं तसं अवघडून. हितूने मान वळवली नाही. मग नानांनी बोलणंच सोडलं. नातू समोर आला की ते नुसते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे. मला संताप यायचा, पण दुसऱ्याच्या घरात किती बोलणार?

मुलाखतीच्या दिवशी मॅडमनी हितूला रंग विचारले, नाव विचारलं. तो खुर्चीच्या कडेवर बोट फिरवत राहिला. उन्हाळ्याचे दिवस, खोली तापलेली. मग त्याने मॅडमकडे न बघता, अगदी स्वच्छ विचारलं, "बैलस्ले पानी पाजं का?" मॅडम हसल्या. दारातली मावशीही हसली. सपनाच्या पिशवीत बाटली होती. ती काढली असती तर त्या वाक्याचा अर्थ सांगावा लागला असता, आणि अर्थ सांगितला की घरातली अहिराणी, धुळ्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, सगळंच सांगावं लागलं असतं. तीही हसली. खेड्यावर जातो ना, तिथलं उचलतो, असं काहीसं म्हणाली. हितूने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. तिने बाटली काढली नाही.

"अक्का, त्याने पाणी मागितलं आणि मी हसले," एवढंच ती माझ्याकडे येऊन म्हणाली. मी तिच्यासमोर चहा ठेवला तो तसाच गार झाला.

त्यानंतर घरात बंदी आणखी कडक झाली, कारण मॅडमनी जूनमध्ये पुन्हा बघू म्हटलं होतं. जूनपर्यंत हितू एकही शब्द बोलेनासा झाला. तहान लागली की माठापाशी जाऊन उभा राहायचा, कुणी बघेपर्यंत. आणि गंमत बघा, आता मॅडमना तो आवडला. किती शांत मुलगा आहे, म्हणाल्या, प्रवेश दिला. भूपेंद्रने दीपनगरला पेढे वाटले.

पावसाळा सरायच्या आत नर्सरीने त्याला परत पाठवलं. कोपऱ्यात बसून असतो, चड्डी ओली झाली तरी सांगत नाही, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. यात मॅडमचं चुकलं असं मी एकदम म्हणणार नाही. न बोलणाऱ्या पोराचं त्या गर्दीत कोण बघणार? आता भूपेंद्रलाही दुसरं सुचेना. धुळ्याला घेऊन जा, एवढंच तो फोनवर म्हणाला.

पुनमताईंनी हितूला काहीच विचारलं नाही. त्या त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या, आणि सपनाला विचारलं की हा बोलायचा तेव्हा कोणाचं बोलणं बोलायचा. सपनाने खाली मान घालून सांगितलं. ताई म्हणाल्या, "मग त्यांनाच घेऊन या. त्यांच्या तोंडचं पुन्हा ऐकू दे त्याला."

पुढच्या खेपेला नाना आले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. हितूला बसमध्ये आवरायला मी सोबत होते. सोनगीर गेलं, धुळं आलं, नाना खिडकीबाहेरच बघत होते. केंद्रात ताईंनी त्यांना खुर्ची दिली. हितू जरा पलीकडे ठोकळ्यांची रांग लावत होता. ताई म्हणाल्या, बोला आजोबा, घरी बोलायचात तसंच. नानांनी आधी सपनाकडे बघितलं. आपल्या घरात सून म्हणून आलेल्या पोरीकडे तो म्हातारा परवानगी मागत होता.

"बोलू का मी, बेटा?"

"बोला नाना," ती म्हणाली, आणि रडायला लागली. रडता रडताच तिने पिशवीतून बाटली काढून झाकण उघडलं.

नानांनी घसा साफ केला. मग म्हणाले, "हितू... बैलस्ले पानी पाजं का रे?"

हितूचा हात थांबला. त्याने मान वर केली आणि नानांकडे बघितलं, सरळ, डोळ्यांत. इतक्या महिन्यांत त्याने कुणाकडे असं बघितलं नव्हतं. तो उठला, ठोकळे ओलांडून आला, नानांच्या दोन गुडघ्यांच्या मधे उभा राहिला. मी माझ्या आयुष्यात देवाला काही मागितलं असेल तर त्या क्षणी.

त्याने हात वर केला आणि आपलं इवलंसं बोट नानांच्या ओठांवर ठेवलं. अगदी सपना ठेवायची तसं, सरळ, उभं.

नानांनी तोंड मिटलं. सपना उघडी बाटली हातात धरून तशीच उभी राहिली.