बाबांचं रेकॉर्डिंग

मँचेस्टरला असताना दर शनिवारी मी टेपा वाचवायला जायचो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे काळे सैनिक लँकेशरच्या गावांत तळ टाकून होते. त्यांच्या आठवणी कुणीकुणी टेपवर घेऊन ठेवल्या होत्या आणि त्या टेपा आता कुजत चालल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, मूळच्या अमेरिकेतल्या, स्वतः कृष्णवर्णीय, लग्न होऊन इकडे आलेल्या, कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत या टेपा गोळा करत होत्या. मी टेपा कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचो. ऑफिसातला माझा पुण्याचा मित्र कॅमेरा सांभाळायचा, कारण जे म्हातारे अजून हयात होते त्यांची फिल्म घ्यायची होती.

बाईंचा नियम असा, की कॅमेरा सुरू झाला की आधी आपलं पूर्ण नाव सांगायचं, मग आपली माणसं कोण ते. त्यांच्या पणजीला गुलाम म्हणून विकलं होतं आणि तिचं नाव कुठेच राहिलं नव्हतं, म्हणून हा हट्ट. एकदा बोललेलं कापायचंही नाही. मला हे फार पटायचं. वा, याला म्हणतात काम, असं चारचौघांत सांगायचो. लोकांच्या माणसांची नावं जपायला मी भारी शूर!

आणि माझं स्वतःचं? आडनाव गावावरून पडलेलं, कुठल्याही जातीत खपून जाईल असं. ओळख झाल्याझाल्या मित्राने विचारलं होतं, नागपूरचे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? मी नुसता हसलो. त्याने मला आपल्यातलाच धरून टाकलं. मग त्याच्या घरी गणपतीची आरती, वहिनींच्या हातची पुरणपोळी, त्यांच्या लेकीचा मी लाडका काका. परमुलखात तेच माझं घर झालं, आणि ते तुटेल या भीतीने मी तोंड शिवून बसलो. आम्ही बौद्ध. बाबा तर असे, की फोन उचलला तरी हॅलो न म्हणता खणखणीत जयभीम घालणार. त्यांच्या पोटी हे रत्न.

त्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आले आणि माझ्याबरोबर टेपा ऐकायला येऊ लागले; फिल्म नसेल त्या शनिवारी मित्र यायचा नाही. बोललेलं इंग्रजी त्यांना झेपायचं नाही, मी शेजारी बसून वाक्यावाक्याला अर्थ सांगायचो. एका टेपवर एक सैनिक सांगत होता, की इथल्या पबमध्ये आयुष्यात पहिल्यांदा त्याला गोऱ्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच ग्लासातून बिअर मिळाली. बाबांनी हेडफोन काढून ठेवले. म्हणाले, माझी माय गावच्या विहिरीपाशी ओंजळ धरून उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. माझ्या वेळी पोटुशी असताना एका दुपारी कुणीच ओतलं नाही, तर ती तिथेच कोसळली. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी काय केलं? बाईंना एवढंच म्हटलं, की बाबांनाही पाण्याची एक गोष्ट सांगायची आहे. बाई लगेच म्हणाल्या, पुढच्या शनिवारी फिल्म घेऊ.

बाबा आठवडाभर मनाशी वाक्यं जुळवत होते. शनिवारी कोट घालून निघाले. ट्राममध्ये मी हळूच म्हटलं, "बाबा, माझा मित्र असेल तिथे. जरा सांभाळून बोला."

"त्याले माहीत नाही?"

"नाही."

बाबा फक्त "बरं" म्हणाले. चिडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

कॅमेरा सुरू झाला. बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. आपली माणसं कोण, यावर म्हणाले, आमची थोडी शेती होती. शेती कसली, डोंबलाची! मग त्यांनी पाण्याची गोष्ट काढली. आमच्या गावात काही लोक होते, म्हणाले, त्यांना विहिरीला हात लावू देत नसत. त्यांतली एक बाई पोटुशी होती. स्वतःच्या आईला बाबांनी 'त्यांतली एक बाई' करून टाकलं, माझ्यासाठी. मी इंग्रजीत सांगत गेलो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. थू असल्या जिण्यावर.

मित्र कॅमेऱ्यामागून हळहळला. बाईंनी पुढे झुकून विचारलं, "तुमच्या घरच्यांनी दिलं का तिला पाणी?"

मला ते मराठीत विचारावंच लागलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"नाही दिलं, सांग."

मी सांगितलं.

बाईंनी बाबांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, आपल्याच माणसांचं पाप असं कॅमेऱ्यासमोर कबूल करणारा मला आजवर कुणी भेटला नव्हता, हे आम्ही जपून ठेवू. मित्राने मान डोलावली. बाबांनी मला विचारलं, काय म्हणतात त्या?

"थँक यू म्हणतात," मी म्हटलं.