निळी सायकल

मंगल काकी गेली चौदा वर्षं आमच्या गावची आशा सेविका आहे. किकवीच्या फाट्यावरून आत वळलं की वस्त्या सुरू होतात, त्यातल्या कुठल्या घरात कोण बाळंत व्हायचंय आणि कुणाचा डोस चुकलाय हे तिला तोंडपाठ असतं. मोबाईलवरचे फॉर्म मात्र मी भरतो. शिवाय एसटीचा भरवसा नसतो, त्यामुळे तिला गाडीवरून फिरवणं हेही माझ्याच नशिबी. मी तिचा पुतण्या, भोरच्या कॉलेजातून पास होऊन घरीच असलेला.

यंदा हायस्कूलच्या हेडसरांनी तिला बोलावलं. नववी-दहावीच्या पोरापोरींना ‘वयात येताना संयम’ यावर तासभर सांगायचं होतं. काकी लगेच हो म्हणाली, कारण आधीच्या तीन वर्षांचे तिन्ही पाहुणे तिनं मागच्या बाकावर बसून ऐकले होते. पहिल्या वर्षी पुण्याहून एक साहेब प्रोजेक्टर घेऊन आले. नको त्या चित्रावर लाईट गेली आणि अंधारात वर्ग जो हसला तो तास संपेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या वर्षी एका रिटायर गुरुजींनी पाऊण तास ब्रह्मचर्य सांगून पहाटे गार पाण्याच्या अंघोळीवर आणून सोडलं. पुढं महिनाभर पोरं एकमेकांना ‘अंघोळ झाली का’ विचारत होती. तिसऱ्या वर्षी एका मॅडमनी बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायला खोका ठेवला. हेडसरांनी अक्षरावरून पोरं ओळखली आणि व्हरांड्यात उभी केली.

“चित्रं नकोत, जड शब्द नकोत, चिठ्ठ्या तर नकोतच,” काकी म्हणाली. “मग काय सांगू रं गोरख?”

“खरी गोष्ट सांगा,” मी म्हणालो. “नाव घेऊ नका, पण बारीकसारीक घाला. पोरं गोष्ट ऐकतात.”

गोष्ट कुणाची हे दोघांनाही विचारावं लागलं नाही. वर्षाराणी दहावीला माझ्याच वर्गात होती, खो-खोची कॅप्टन. एका टेम्पोवाल्याच्या नादी लागली, दिवस गेले, शाळा सुटली आणि घरच्यांनी तिला वेल्ह्याला मावशीकडं नेऊन ठेवलं. टेम्पोवाला परत दिसला नाही. याला आठ वर्षं झाली. काकीला खो-खो आठवत होता. तिची सायकल मी घातली. “निळी सायकल म्हणा, पुढं जाळीची टोपली,” असं मीच म्हणालो. चित्र उभं राहतं, असं काहीतरी वर ज्ञानही दिलं.

शुक्रवारी मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा होतो. काकी छान बोलत होती. घाई करू नका, शरीर आपलं आहे, कुणी ओढलं तरी थांबायचं, थांबण्यात कमीपणा न्हाई, असं सगळं. मग गोष्ट आली. पोरं चिडीचूप. “आपल्याच भागातली एक पोरगी, खो-खो खेळायची, निळ्या सायकलवर शाळेत यायची, पुढं टोपली...”

सगळा वर्ग खिडकीकडं वळला. मला वाटलं माझ्याकडं बघतायत. मी मागं पाहिलं. कडुलिंबाखाली निळी सायकल उभी होती, पुढं जाळीची टोपली. मग सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडं फिरल्या. तिथं आरती बसली होती. वर्षाराणीची धाकटी बहीण, नववीतली. सायकल आता ती वापरते, हे मला ठाऊक नव्हतं. माहीत करून घेतलंही नव्हतं.

सोमवारी आरती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. घरचे म्हणतायत, बास झाली शाळा, असं कळलं. काकीचं जेवण सुटलं. गुरुवारी म्हणाली, “गाडी काढ.”

वेल्ह्याहून केव्हाच घरी परतलेली वर्षाराणी ओसरीवर मशीनवर ब्लाऊज शिवत होती. काकी दारातच उभी राहिली.

“बसा की. उभ्यानं माफी मागायची रीत हाय व्हय?” ती मान वर न करता म्हणाली.

“नाव न्हाई घेतलं गं म्या तुझं.”

“सायकल घेतली की.” मशीन थांबलं. “कुणी सांगितली सायकल? तुमाला तर स्वतःच्या साडीचा रंग ध्यानात राहत न्हाई.”

मी गाडीच्या आरशावरची धूळ पुसायला लागलो.

“माझंच तोंड,” काकी म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. “आरतीला शाळेत पाठव. तिचं काय चुकलं त्यात?”

“आणि तुमी उद्या परत माझी कथा लावणार.” वर्षाराणीनं दोरा दातानं तोडला. “दहावीत मी तुमच्या दारात आले होते. मैत्रिणीसाठी विचारायचंय म्हणाले. तुमी भाकरी थापत होता.”

“आठवतंय.”

“काय म्हणालात?”

काकी ओसरीच्या पायरीवर बसली. “हे असलं विचारायचं वय न्हाई तुझं. अभ्यास कर.”

“ती गोष्ट सांगा की पोरांना. ती तुमची हाय.”

दुसऱ्या दिवशी काकीनं हेडसरांकडून अर्धा तास मागून घेतला. वर्गात उभी राहून म्हणाली, “मागच्या शुक्रवारी म्या दुसऱ्याच्या घरातलं तुमच्यापुढं मांडलं. ते चुकलं. आता माझं ऐका. एकदा एक पोरगी माझ्या दारात विचारायला आली होती, आणि म्या तिला हाकललं.” पुढं ती बरंच बोलली, मी खिडकीबाहेर ऐकत होतो. शेवटी म्हणाली, “थांबा म्हणून सांगणं सोपं असतं. का थांबायचं हे विचारायला कुणी आलं, तर आता माझं दार उघडं हाय.” कुणी हसलं नाही. घंटेनंतर दोन पोरी तिच्यामागं व्हरांड्यात गेल्या.

परतताना मी म्हणालो, “काकी, सायकलीचं मी सांगितलं, हे तुमी का बोलला न्हाईत?”

“म्या माझं निस्तरलं. तुझं तू बघ.”

सोमवारपासून आरती शाळेत येते. चालत. दोन किलोमीटर पडतात. सायकल त्यांच्या गोठ्यात उलटी टांगली आहे, रस्त्यावरून दिसते. वाटेत आरती दिसली की सायकलीचं सांगावं म्हणून मी गाडी हळू करतो.

“नको दादा, जाते मी,” ती म्हणते. सोडायला थांबलोय असं तिला वाटतं. मीही मान हलवून गिअर टाकतो. चार वेळा झालं असं.