चौथ्या पॅडवरचा टँकर

ज्या वर्षी चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत पाण्यावाचून दोन शिफ्टची एक शिफ्ट झाली आणि मला घरी बसवलं, त्याच वर्षी माझ्या मेहुण्यानं ते मशीन आणलं. मुकुंदवाडीत त्याची डीजेची गाडी होती. एक टेम्पो, त्यावर रचलेले बॉक्स आणि मागं जनरेटर. दुष्काळात लोकांनी लग्नातली पंगत कमी केली, गाद्या-गिरद्या कमी केल्या, पण डीजे कुणी सोडला नाही. उलट स्पर्धा वाढली. बाकीच्या गाड्यांवर गाण्याच्या मधोमध वाघाची डरकाळी यायची, काच फुटायची, आवाज गोल फिरायचा. ते सगळं करणारं एक जुनं मशीन मेहुण्यानं पुण्याच्या कुणाकडून तरी मिळवलं. डाव्या अंगाला सात नॉब, उजव्या अंगाला रबराचे आठ पॅड आणि सोबत इंग्रजी पुस्तक.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही इतकी वर्षं कंपनीत पत्र्याची प्रेस चालवली. हे बी मशीनच हाय."

प्रेसला दोनच बटनं होती, हे मी त्याला सांगितलं नाही. घरी बसून कंटाळलो होतो.

पुस्तक वाचायला माणूस पाहिजे होता. आमच्या गल्लीमागं जिथं पूर्वी बाजरीचं रान होतं, तिथं नव्या चार मजली इमारती झाल्या होत्या. त्यातल्या एकीत एक काका राहायचे. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रांचं मराठी करण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडं मराठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पुस्तक नेऊन दिलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि चार दिवसांची मुदत मागितली.

पाचव्या दिवशी वही तयार होती. प्रत्येक बटनाला त्यांनी मराठी नाव दिलं होतं. गाळणी, प्रतिध्वनी, खोली, धरून ठेवा. एका नॉबपुढं लिहिलं होतं, ओले-कोरडे. मेहुणा ते वाचून म्हणाला की हे दुष्काळाचं कायतरी दिसतंय. काकांनी हसण्यावारी नेलं नाही. कोरडे म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा, ओले म्हणजे मशीनमधून भिजून आलेला, असं त्यांनी समजावलं. नॉब मधोमध असावा असा शासनाचा सल्ला आहे, असं म्हणाले, मग चष्मा काढून पुसला आणि शासनाच्या जागी पुस्तकाचा असं दुरुस्त केलं.

शिकवणी त्यांच्याच घरी झाली. दुपारी काकू झोपायच्या, म्हणून मशीन विजेला लावायचं नाही असं ठरलं. मी मुकं मशीन पुढ्यात घेऊन नॉब फिरवायचो आणि काका वहीत बघून आवाज कुठं पोचला ते सांगायचे. आता लांब गेला. आता परत येतोय. आता पाण्याखाली आहे. ते इतकं मनापासून सांगायचे की मला खरंच ऐकू यायचं. आठ दिवसांनी टेम्पोवर नेऊन मशीन चालू केलं तेव्हा खरा प्रतिध्वनी मला जरा कमीच वाटला.

आठ पॅडवर आठ आवाज भरून ठेवायची सोय होती. वाघ, काच सगळ्यांकडं होतं, म्हणून आम्ही आपले आवाज भरायचं ठरवलं. पहिल्यावर काकूंच्या कुकरची शिट्टी. दुसऱ्यावर मेंढी. माझे वडील गंगापूरकडं मेंढ्या राखायचे, पण तिकडं चारा उरला नाही म्हणून त्या वर्षी कळप घेऊन विमानतळाच्या भिंतीलगत, प्लॉटांच्या दगडांमधून फिरत होते. तिथं जाऊन मी एका म्हाताऱ्या मेंढीचं तोंड माईकसमोर धरलं. तिसऱ्यावर काकांचं खाकरणं, त्यांच्याच आग्रहानं. चौथ्यावर टँकर.

आमच्या भागात पाच-सहा दिवसांनी पाण्याचा टँकर यायचा. त्याच्या ड्रायव्हरनं तीन सुरांचा हॉर्न बसवलेला होता. चढता, उतरता आणि मग एक लांब. तो हॉर्न कोपऱ्यावर वाजला की गल्लीतली पोळी तव्यावर करपायची, पण हंडा लाइनीत लागायचा. मी तो गच्चीवरून टिपला. स्वच्छ आला होता. नाचायला ताल चांगला होता, एवढाच माझा विचार.

पुढच्याच आठवड्यात आमच्याच भागात, मुकुंदवाडीत एक लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. त्याआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात, आमच्याकडं त्याला परण्या म्हणतात. परण्या देवळापासून परत निघाला होता. बाया टेम्पोमागं नाचत होत्या, नवरदेवाची आई पैठणी खोचून सगळ्यांच्या पुढं. कुकर वाजवला, लोक हसले. मेंढी वाजवली, शिट्ट्या पडल्या. काका खाकरले तेव्हा दोन म्हातारे वाटेतून बाजूला झाले. मला चेव आला. ओले-कोरडे पार ओल्यावर नेलं, आवाज फिरवत ठेवणारं धरून ठेवा दाबलं आणि चौथा पॅड दाबला.

नाच थांबला. गाणं चालू होतं, पण एकही पाय हलत नव्हता. सगळ्या बाया मान वळवून ऐकत होत्या. मग नवरदेवाच्या आईनं पदर आवळला आणि घराकडं पळत सुटली. तिच्यामागं करवल्या, मावश्या, शेजारणी, सगळ्या. कपाळावरच्या बिंद्या सांभाळत पळत होत्या. प्रतिध्वनीमुळं हॉर्न चारी बाजूंनी येत होता, जणू गल्लोगल्ली टँकर शिरले होते. मी धरून ठेवा सोडायला गेलो तर बटन आतच बसलेलं. गुलाल अडकला होता. हॉर्न फिरत राहिला.

मेहुण्यानं धावत जाऊन जनरेटर बंद केला. ते त्याहून वाईट झालं. आवाज थांबला म्हणजे टँकर थांबला, असा लोकांनी अर्थ घेतला, आणि जे घरात होते तेही हंडे घेऊन बाहेर आले. पाच मिनिटांत आमच्या टेम्पोमागं लाइन लागली. हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, बाळाचा टब. घोडेवाला नवरदेवाच्या हातात लगाम देऊन कॅन आणायला गेला. नवरदेव मुंडावळ्यांमधून माझ्याकडं बघत होता. ती नजर मला अजून आठवते.

मी टेम्पोवर उभा राहून ओरडून सांगितलं की टँकर आलेला नाही, तो हॉर्न मशीनचा होता. कुणी हललं नाही. एकानं सांगितलं की मागच्या महिन्यातही असंच सांगून टँकर दुसऱ्या गल्लीत नेला होता. एक म्हातारी हंड्यावर बसूनच म्हणाली, "हॉर्न खोटा असंल बाबा. पण लाइन खरी हाय, अन् माझा नंबर तिसरा हाय."

त्या लाइनीत नवव्या जागेवर माझी बायको होती. तिला तर चौथ्या पॅडवर काय आहे ते ठाऊक होतं. मी खाली उतरून तिला विचारलं, तू तरी का आलीस. ती म्हणाली, "तुमचंच काम आहे ते मला पहिल्या फटक्यात कळलं. पण सगळ्या उभ्या राहिल्यावर मी एकटीनं घरी बसायचं का?" मी तिची दुसरी कळशी सरळ करून ठेवली आणि वर गेलो.

तेवढ्यात काका आले. खाकरण्याचा परिणाम बघायला ते मुद्दाम आले होते. लाइन बघताच त्यांच्यातला कारकून जागा झाला. खिशातून खडू काढून त्यांनी भांड्यांवर नंबर घालायला सुरुवात केली. आता तर ती लाइन सरकारी झाली. बारा वीस झाले. भटजी घड्याळ दाखवायला लागले. मांडव दोन गल्ल्या पलीकडं होता, तिथं निरोप पाठवला, तर कळलं की मुलीकडचेही हंडे घेऊन इकडंच निघालेत. त्यांनाही हॉर्न ऐकू गेला होता.

शेवटी भटजींनीच तोडगा काढला. मुहूर्त लाइनीसाठी थांबत नाही, तर नवरीला इथंच आणा. नवरी आली. अंतरपाट टेम्पोच्या फाळक्यापुढं धरला. गुलाल झटकून बटन मोकळं केलं, जनरेटर पुन्हा लावला. मंगलाष्टकं माझ्या माईकवरून झाली, आणि माझ्या आयुष्यात एवढं मन लावून मी ओले-कोरडे कधी सांभाळलं नव्हतं. पार कोरडं ठेवलं. लोकांनी एका हातानं भांडं धरून दुसऱ्या हातानं अक्षता टाकल्या. तांदूळ रिकाम्या हंड्यांत पडून टणटण वाजत होते. नवरदेवाची आई पैठणी नेसून एकवीस नंबरला उभी होती. हार घालायच्या वेळी शेजारणीला जागा धरायला सांगून पुढं आली, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि परत जागेवर गेली.

पाऊण-एकच्या सुमारास खरा टँकर कोपऱ्यावर आला. चढता, उतरता, लांब. अख्ख्या लाइनीनं माझ्याकडं वळून बघितलं. पुरे आता, असं कुणीतरी म्हणालं. मी दोन्ही हात वर केले, बोटं पसरून दाखवली. तरी क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग तिसऱ्या नंबरची म्हातारी हंडा उचलून चालायला लागली आणि मागोमाग सगळी लाइन गेली, नंबरानं, भांडण न करता. टँकरच्या ड्रायव्हरला इतकी शिस्त कधी मिळाली नव्हती. त्यानं काकांना पाणीपुरवठ्याचे साहेब समजून सलाम केला. काकांनी तो घेतला.

लग्नघरी जेवायला मी जायला तयार नव्हतो. बाया पळाल्या तेव्हा त्यांचे चेहरे मी टेम्पोवरून बघितले होते. नाचताना हसणारे चेहरे एका बोटाच्या दाबानं धास्तावले होते, आणि ते बोट माझं होतं. बायकोनं हाताला धरून नेलं. पंगतीत नवरदेवाच्या आईनं स्वतः मला बुंदी वाढली. तिचे तीन हंडे भरले होते, पाहुण्यांना दोन दिवस पुरणार होते. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली. ती म्हणाली, "धाकट्याचं लगीन उन्हाळ्यातच हाय. त्या येळंला जरा लवकर वाजवा, उगं घाई होती."

ती हे गमतीनं म्हणाली की खरंच, ते मला कळलं नाही. मी होकारार्थी मान हलवली आणि ताटातली बुंदी संपवली.