डावीकडचं राहिलंय

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांच्या पंगतीत बसवायला नको. मी हे तुमचं गूढ अनुभवांचं सदर वाचते ते फक्त सुनेमुळे. ती वाचून घाबरते आणि मग स्वयंपाकघरातला दिवा मालवायला मला पाठवते. मी आयुष्यभर माणसं कापली आणि शिवली... शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून डबे खाल्ले. कधी कुठली सावली मला आडवी गेली नाही. कुणी असला अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारते, अंगात ताप होता का. त्यामुळे माझ्यापुढे असलं कुणी फारसं बोलत नाही.

तरी ही एक गोष्ट आहे. ती मला कुठल्याच खणात ठेवता आलेली नाही. विषय बायकांच्या लघवीच्या जागेचा आहे, तेव्हा ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथूनच परत जावं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मुंबईच्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात मी रजिस्ट्रार, म्हणजे सरांच्या हाताखालची शिकाऊ सर्जन, होते. बाळंतपणानंतर ज्यांचं अंग बाहेर येतं, ज्यांना लघवी धरवत नाही, अशा बायकांची ऑपरेशनं आमच्या युनिटमध्ये व्हायची. आज या शाखेला 'युरोगायनॅकॉलॉजी' असं भारदस्त नाव आहे, वेगळं शिक्षण आहे. तेव्हा बाकीचे डॉक्टर आम्हाला 'गळके नळ दुरुस्त करणारे' म्हणायचे. आमचे सर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण हात असा, की बघत राहावं. वर्षातून एकदा, थंडीत, ते आम्हाला घेऊन रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात शिबिराला यायचे. माझं माहेर रत्नागिरीतलंच. त्यामुळे सगळे मुंबईला परतले की मागे राहिलेल्या पेशंटकडे बघायला पंधरा दिवस मी राहायचं, हे ठरलेलंच होतं. आईच्या हातचं खायला मिळायचं, म्हणून मीही कुरकुर करत नसे.

त्या वर्षी वनिता आली. लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली, विशीतली पोर. नवरा मुंबईला कंपनीत. पहिलं बाळंतपण घरात अडलं, मूल गेलं, आणि दोन दिवस बाळाचं डोकं अडकून राहिल्यामुळे मूत्राशयाला भोक पडलं. तेव्हापासून लघवी सतत गळायची. उठता, बसता, झोपता. माणसं शेजारी बसत नाहीत, एस.टी.त कंडक्टर मागे जा म्हणतो. पोर मान वर करून बोलतच नव्हती.

तिच्याबरोबर सासू होती, भागीरथीकाकी. अशा केसेसमध्ये सासू येत नाही हो. आली तर पोरीला दारात सोडून जाते. ही मात्र दोन वर्षं सुनेची फडकी स्वतः धूत होती, आणि शेजारणींनी नाकं मुरडली तरी घरासमोरच्या कातळावर उघड वाळत घालत होती. घरात वनिताच्या मोठ्या दिराने भावासाठी दुसरी मुलगी बघून ठेवलेली. काकीने त्याला अडवून धरलं होतं.

"मी सांगितलंय त्याला," काकी मला म्हणाली. "मुंबैचे डाक्टर येतायत. त्यांनी बरी केली तर ही मुंबैला नवऱ्याकडं जाईल. नाय बरी झाली, तर तू म्हणतोस तसं कर. मंग मी आड येनार नाय."

म्हणजे सगळं त्या एका ऑपरेशनवर होतं. पुढचं शिबिर वर्षाने. तोवर दीर थांबणार नव्हता.

ऑपरेशन दुपारी झालं. वनिताला कमरेखालची भूल दिली होती आणि झोपेचं इंजेक्शन, त्यामुळे ती गाढ झोपेत. सरांनी माझ्याकडून शिवून घेतलं. ते समोर उभे राहून फक्त 'हं' आणि 'अंहं' म्हणत होते. भोक बंद झालं. मग आमची ठरलेली परीक्षा. ती सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. योनीमार्गात गॉजचे तीन बोळे एकावर एक ठेवायचे. मूत्राशयात नळीवाटे निळं औषध भरायचं. थोडा वेळ थांबून बोळे काढायचे. कुठला निळा झाला त्यावरून भोक कुठे राहिलं ते कळतं. कुठलाच निळा नाही म्हणजे शिवण पक्की.

बोळे काढले. तिन्ही पांढरे. सर म्हणाले, "ब्यूटिफुल." हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलेला नव्हता. सिस्टर हसल्या, भूल देणारे डॉक्टर हसले, आणि मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले. सर हातमोजे काढायला वळले.

तेवढ्यात दाराशी कुजबुज ऐकू आली. बाहेरच्या सिस्टर कुणावर तरी वैतागल्या होत्या. मग दार थोडं किलकिलं करून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पेशंटची सासू ऐकत नाही हो. म्हणते आत सांगा... डावीकडचं राहिलंय. वरचं, डावीकडचं. बाकीचं झालं म्हणते, तेवढं राहिलं."

सगळे हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. ते वळले आणि मला म्हणाले, "बोळे कुठे आहेत?"

ट्रेमध्ये होते. सरांनी सगळ्यात वरचा, म्हणजे आत खोलवर ठेवलेला बोळा उचलला आणि पिळला. त्यातून पाणी आलं. निळं नाही... स्वच्छ.

आता, थिएटरमध्ये सगळंच ओलं असतं, आम्ही सलाइनने धूत असतो. म्हणून सर म्हणाले, "कोरडा गॉज द्या. आणि सगळे गप्प उभे राहा." जागा पुसून कोरडी केली. दिवा वळवला. आम्ही बघत राहिलो. वरच्या डाव्या कोपऱ्यात, जुन्या व्रणाच्या वळीत, एक थेंब जमला. ओघळला. मग दुसरा.

मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी डावी नळी फाटलेली होती आणि तिची लघवी मूत्राशयात न जाता थेट बाहेर येत होती. निळं औषध मूत्राशयात, मग ती लघवी निळी होणार कशी? बोळा पांढरा पण ओला, म्हणजे वरच्या नळीत दोष, हे आम्ही परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवायचो. पण दोन्ही दोष एकीतच असतील असं डोक्यात आलं नाही. सगळ्यांचे डोळे निळा रंग शोधत होते. पांढरा दिसला आणि आम्ही तो कोरडा मानला. आमच्यासारख्यांचीच चूक ही. रंग न शिकलेला माणूस आधी हात लावून बघेल.

तशीच पाठवली असती तर पोर अर्धी गळत घरी गेली असती आणि दिराला तेवढंच पुरलं असतं. सरांनी पूर्ण भूल द्यायला लावली, पोट उघडलं आणि डावी नळी मूत्राशयात नव्याने बसवली. संध्याकाळ झाली. चहाला कुणी हललं नाही.

बाहेर आल्यावर मी काकीला विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं डावीकडचं राहिलंय म्हणून?"

"कोन सांगनार बाय? मला कळलं." मग लगेच, "आता झालं ना समदं?"

झालं, म्हटलं. एवढी दमले होते की पुढे विचारलं नाही.

पण नंतरच्या पंधरा दिवसांत मी सगळं उकरून काढलं. असल्या बाबतीत मी पोलिसाच्या वर आहे. आतून कुणी बाहेर गेलं होतं का? नाही. दाराच्या फटीतून दिसतं का? मी स्वतः उभी राहून पाहिलं, भिंत दिसते. फडकी धुऊन अंदाज आला असेल? गळतं एवढं कळेल, उजवं-डावं कसं कळणार? आणि 'बाकीचं झालं, तेवढं राहिलं' हे त्याच मिनिटाला? सरांना मुंबईला गेल्यावर विचारलं, तर म्हणाले, "योगायोग." आणि विषय बदलला. पण त्यानंतर आमच्या युनिटमध्ये बोळा नुसता बघून कुणाला टाकू दिला नाही. पिळायचाच.

वनिताला लावलेली कॅथेटरची नळी काढली तेव्हा ती कोरडी होती. रात्रभर कोरडी. सकाळी ती खाटेवर बसून चादर चाचपत रडत होती आणि काकी तिला म्हणत होती, "आता रडून नको भिजवूस." नवरा न्यायला आला. साधा, लाजरा माणूस. दोघं मुंबईला गेली.

माझं शिक्षण संपलं आणि मी रत्नागिरीलाच परत आले. मुंबईत राहा म्हणून सरांनी बरंच समजावलं. दोनेक वर्षांनी वनिता दिवस राहिले म्हणून माझ्याकडे आली. एवढी दुरुस्ती झालेल्या बाईला साधं बाळंतपण करू द्यायचं नसतं, म्हणून मी वेळेआधीच सिझेरियन केलं. मुलगा झाला, धष्टपुष्ट आणि रडका.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर वनिताचं तोंड उतरलेलं. म्हणाली, "बाई, आये याला घेतच नाय. न्हाऊ घालते, पुसते, माझ्याजवळ देते. मांडीवर म्हणून घेत नाय. माझ्यावर राग असंल का वो तिचा? पहिला गेला त्याचा?"

काकी व्हरांड्यात उभी होती. बाक रिकामा असून उभी. मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "ओला होईल तो."

"कोण?"

"नातू. माझ्या अंगाला ओलं असतं ना बाय."

आणि मग तिने सांगितलं. शिबिराला यायच्या आधी ती गावदेवीच्या देवळात गेली होती. मानकऱ्याला म्हणाली, देवीपुढे गाऱ्हाणं घाल, सुनेच्या अंगातलं माझ्या अंगात दे. तो भ्याला. असलं गाऱ्हाणं मी घालणार नाही म्हणाला. मग हिने एकटीनेच घातलं. एरवी गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. "व्हय म्हाराजा म्हनायला पन कोन नव्हतं. तेवढं पन मीच म्हटलं."

त्या दुपारी ती थिएटरबाहेर जमिनीवर बसली होती. अचानक तिला लुगडं ओलं लागायला लागलं. हात लावला तर कोरडं, पण अंगाला ओलं. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे, की देवीने ऐकलं. "पन एका अंगानंच येत व्हतं बाय. डावीकडचं वरचं येईना. म्हटलं, ते अजून तिच्यातच हाय. म्हनून दार वाजवलं."

"आणि मग?"

"तिन्हीसांजेला तेवढं पन आलं." सरांनी डावी नळी बसवली तीच वेळ ही.

मी तिला टेबलावर घेऊन तपासलं. निळं औषध, तीन बोळे, सगळं. पांढरे, कोरडे, पिळूनही टिपूस नाही. लघवी तपासली, एक्स-रे काढला. बाई ठणठणीत. मनाचा खेळ म्हणावं तर म्हणता येतं आणि मी तसं म्हणूनही पाहिलंय. माणूस स्वतःला काहीही वाटून घेऊ शकतो. पण वाटून घेतलेल्या बाईला झोपलेल्या दुसऱ्या बाईची डावी नळी कशी कळली, तिथे माझं गाडं अडतं. तेव्हा मी म्हटलं होतं, "काकी, हे परत करता येत नाही का? देवीला सांगून?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मूर्खच आहे. "परत केलं तर कुनाकडं जाईल?"

मला त्या बाईचा राग आला. मी तिला हाताला धरून वनिताच्या खाटेजवळ स्टुलावर बसवलं आणि बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. ती लाकडासारखी ताठ झाली, हात दोन्ही बाजूंना लांब. थोड्या वेळाने मी बाळाला उचललं आणि त्याच्या खालचं दुपटं तिच्या हातात दिलं.

तिने चाचपलं. उलटं करून परत चाचपलं. "मला ओलंच लागतंय," म्हणाली. "तुमच्या हाताला?"

"कोरडं आहे काकी."

तिने दुपटं वनिताकडे धरलं. वनिताने ते घेतलं, गालाला लावलं आणि मान हलवली. "कोरडं हाय, आये."

काकीने पदर नीट केला, मांडी सावरली आणि हात पुढे केले. "मंग आना त्याला इकडं," ती म्हणाली.