आत्याने बुजवलेला हात

आमची आत्या संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करते. किड्यांनी पाडलेली भोकं कागदाच्या लगद्याने अशी बुजवते की खुद्द किड्यालाही पत्ता लागू नये. एकतीस वर्षांत कामात एक चूक नाही, हे ती आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतेच. निवृत्तीला चार महिने उरले असताना तिच्या टेबलावर माणसाच्या उंचीचा एक संत येऊन आडवा झाला.

प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर रंगवायच्या चित्राचं ते कच्चं रेखाटन. भिंत केव्हाच पडली, कागद तेवढा उरला. संताला उजवे हात दोन: एक आशीर्वादाला उचललेला, दुसरा कुणाला तरी उठवायला खाली केलेला. भिंतीवर कोणता गेला, हे सांगायला एक प्राध्यापक येणार होते.

आत्याने वरच्या हातापासून सुरुवात केली. दोन दिवसांत हात गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी खांद्याशी आली आणि थबकली. भोकं सारख्या अंतरावर, थेट रेघेवरून चाललेली. किडा इतका शिस्तीचा नसतो. ही चित्रकाराने सुईने पाडलेली. कागद भिंतीला लावायचा, वरून कोळशाची पूड थापटायची, की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटतं.

त्या दिवशी आत्याने जेवताना भातावर दोनदा मीठ घेतलं. आम्ही आधी गॅस बंद आहे का ते पाहिलं.

प्राध्यापक आले, भिंगातून बघून खूश झाले. "अंगभर भोकं आहेत, फक्त हातांवर नाहीत. चित्रकाराचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं बघा. हा संभ्रम हाच चित्राचा अर्थ."

विभागाच्या मॅडम लिहून घेत होत्या.

"त्याचं ठरलं होतं, सर," आत्या म्हणाली. "वरच्या हाताला भोकं होती. मी बुजवली. किडा समजून."

"अहो, पण माझा निबंध छापायला गेलाय."

"मग परत मागवा."

मॅडमचं पेन थांबलं. "तुम्हाला हे लेखी द्यावं लागेल. तुमच्या फाइलला लागेल."

"लावा. पण आधी हात मोकळा करू द्या. लगद्याला माझी खळ आहे, पाण्याला सुटते."

पहिला लगदा चिमट्याने निघाला, तर त्याच्या कडेला काळी पूड. जुना कोळसा, म्हणजे भिंतीवर गेला तो हाच हात. प्राध्यापकांनी बाह्या सरसावल्या आणि पुढचे लगदे ठेवायला बशी धरली. तीन दिवस धरली. "हलू नका हो," म्हणून बोलणीही खाल्ली.

आत्याने कबुली दिली, दीड पान, स्वच्छ अक्षरात. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि संताच्या फाइलला लावली, पुरावा म्हणून.